इंदुरात मॅनेजमेंटचे शिक्षण : बारावीनंतर, पदवीनंतर आणि नोकरी सांभाळून

इंदूरच्या भंवरकुआंच्या चौकात उभे राहून कोचिंगच्या पाट्या वाचल्या, तर एमबीए ही एकच गोष्ट आहे असे वाटेल. प्रत्यक्षात या तीन अक्षरांखाली इंदुरात निदान सहा वाटा आहेत. बारावीनंतर थेट पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम, विद्यापीठाच्या विभागातला दोन वर्षांचा एमबीए, खासगी महाविद्यालयातला एमबीए, आयआयएमचा एमबीए, दूरस्थ किंवा ऑनलाइन एमबीए, आणि अनुभवी नोकरदारांसाठीचा कार्यकारी अभ्यासक्रम. प्रत्येकाची प्रवेश परीक्षा वेगळी, फॉर्म निघण्याचा महिना वेगळा आणि हाती पडणारा कागदही कधी कधी वेगळा. त्यामुळे आधी वाट ठरवायची, मग परीक्षा, आणि कोचिंगची फी सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा असतो.

पायरी १ : कागद कोणाचा मिळणार ते पाहा

माहितीपत्रकातल्या इमारतीचे फोटो बाजूला ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: शेवटी प्रमाणपत्रावर सही कोणाची असेल?

पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला असतो. इंदुरात ते मुख्यतः देवी अहिल्या विश्वविद्यालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले डीएव्हीव्ही. हे विद्यापीठ १९६४ साली इंदूर विद्यापीठ म्हणून सुरू झाले आणि १९८८ मध्ये त्याला अहिल्याबाईंचे नाव मिळाले. कचेरी आरएनटी मार्गावरच्या नालंदा परिसरात आहे, तर मॅनेजमेंटचे विभाग, आयएमएस आणि आयआयपीएस, खंडवा रोडच्या तक्षशिला परिसरात. सर्वटे बसस्थानकावर उतरून रिक्षावाल्याला नुसते ‘युनिव्हर्सिटी’ म्हणालात तर तो दोहोंपैकी कुठेही नेईल. कागद तपासण्याच्या दिवशी हे महागात पडते.

खासगी महाविद्यालये दोन प्रकारची. डीएव्हीव्हीशी संलग्न असलेल्यांत पदवी विद्यापीठाची मिळते. स्वायत्त संस्थांचा पीजीडीएम, म्हणजे मॅनेजमेंटचा पदव्युत्तर डिप्लोमा, ही मात्र पदविका असते. एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, मान्यता असेल तर खासगी नोकरीत त्याने काही अडत नाही. पुढे पीएच.डी. किंवा सरकारी नोकरीचा विचार असेल तर त्या पीजीडीएमला भारतीय विश्वविद्यालय संघाची, म्हणजे एआययूची, एमबीएशी समकक्षता आहे का, हे प्रवेशाआधीच लेखी विचारा. आयआयएमही पूर्वी पदविकाच देत. आयआयएम कायदा २०१७ जानेवारी २०१८ मध्ये लागू झाल्यापासून ती एमबीए पदवी देऊ शकतात.

२०२४-२५ या वर्षापासून बीबीए आणि बीसीएसुद्धा एआयसीटीईच्या कक्षेत आले आहेत. म्हणून बीबीएसाठी महाविद्यालय पाहताना ‘चालू वर्षाचे मान्यतापत्र दाखवा’ असे बेधडक म्हणा. ते एआयसीटीईच्या संकेतस्थळावर संस्थेच्या नावाने शोधताही येते. मागच्या वर्षीचे पत्र पुढे करणाऱ्या संस्थेकडे दुसऱ्यांदा जायची गरज नाही.

पायरी २ : तुम्ही कुठे उभे आहात त्यावरून परीक्षा ठरवा

*बारावीचे विद्यार्थी.* डीएव्हीव्हीच्या पाच वर्षांच्या एमबीएला सीयूईटी-यूजी, म्हणजे विद्यापीठांची देशपातळीवरची सामाईक प्रवेश परीक्षा, द्यावी लागते. २०२५ पासून या परीक्षेत जास्तीत जास्त पाच विषय घेता येतात, प्रत्येक पेपर ६० मिनिटांचा आणि ५० प्रश्नांचा. सगळे प्रश्न अनिवार्य, बरोबर उत्तराला ५ गुण, चुकीला १ वजा. कोणत्या अभ्यासक्रमाला कोणता पेपर लागतो, हे विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या गटवारीत दिलेले असते. ती न पाहता मुले बारावीचेच विषय भरतात आणि मॅनेजमेंटच्या गटाला लागणारी सामान्य चाचणीच सुटून जाते. निकालानंतर ही चूक कोणालाही दुरुस्त करता येत नाही.

ही परीक्षा मराठीसह १३ भाषांतून देता येते. खानदेशातून किंवा विदर्भातून मराठी माध्यमातली मुले येतात, त्यांना याचा दिलासा वाटतो, तो खराही आहे. पण वर्गात गेल्यावर पुस्तके, केस स्टडी, सादरीकरण सगळे इंग्रजीत असते आणि वर्गाबाहेरच्या गप्पा हिंदीत. परीक्षा मराठीतून द्या, पण प्रवेशाआधीचे दोन महिने रोज एका इंग्रजी आर्थिक दैनिकाचे एक पान वाचायची सवय लावा. पहिल्या सत्रात मागे पडणारी मुले बहुधा विषयामुळे नव्हे, वाचनाच्या वेगामुळे मागे पडतात.

आणखी एक गोष्ट दर वर्षी कोणाच्या ना कोणाच्या लक्षात येत नाही. सीयूईटीच्या फॉर्ममध्ये डीएव्हीव्ही निवडले म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असे नाही. निकालानंतर विद्यापीठाच्या समुपदेशनासाठी, म्हणजे काउन्सेलिंगसाठी, वेगळी नोंदणी आणि वेगळे शुल्क भरावे लागते. चांगले गुण असलेला मुलगा केवळ ही दुसरी नोंदणी न केल्यामुळे यादीबाहेर राहतो.

आयआयएम इंदूरचा आयपीएम ही दुसरी वाट. आयआयएम इंदूर १९९६ चे, राऊ-पीथमपूर रस्त्यावरच्या टेकडीवर. बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम देशातल्या आयआयएममध्ये सर्वांत आधी इथे सुरू झाला, २०११ मध्ये. तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. त्याची परीक्षा म्हणजे आयपीमॅट: २०२५ मध्ये तीन विभाग, प्रत्येकी ४० मिनिटे, एकूण ९० प्रश्न. गणिताच्या ४५ प्रश्नांपैकी १५ ना पर्यायच नसतात, उत्तर स्वतः लिहायचे. या १५ ना नकारात्मक गुण नाहीत, म्हणून यातला एकही रिकामा सोडू नये. एका विभागाचा उरलेला वेळ दुसऱ्याला वापरता येत नाही. कॉमर्सचा विद्यार्थी बसू शकतो, पण निश्चयक (डिटर्मिनंट), लॉगरिदम, क्रमचय-संचय येणारच. ज्याने दहावीनंतर गणित सोडले त्याने यासाठी निदान आठ-दहा महिने राखून ठेवावेत. आयआयएम रोहतकची परीक्षा वेगळी, जम्मू आणि बोधगयेच्या आयआयएमची जिपमॅट वेगळी. ‘आयपीएमचा फॉर्म भरला’ असे मूल सांगते तेव्हा कोणता, हे पालकांनी विचारावे.

साधा बी.कॉम. करून पुढे एमबीए हा मार्ग जुना आणि स्वस्त. संलग्न महाविद्यालयांत त्यासाठी मध्य प्रदेश उच्च शिक्षण विभागाच्या ई-प्रवेश पोर्टलवरून अर्ज होतो. सी.ए.ची आर्टिकलशिप चालू असेल तर सोबतच्या शिक्षणासाठी आयसीएआयचा फॉर्म ११२ भरून परवानगी घ्यावी लागते. हे पदवी महाविद्यालयात कोणी सांगत नाही.

*पदवीधर.* तीन परीक्षा, तीन दारे. आयआयएमची कॅट नोव्हेंबरच्या अखेरच्या एखाद्या रविवारी असते, पण फॉर्म ऑगस्ट ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच असतो. दिवाळीत अभ्यासाचा विचार करणाऱ्याची ती संधी आधीच गेलेली असते. दोन तास, ४०-४० मिनिटांचे तीन विभाग, २०२४ मध्ये ६८ प्रश्न. आयआयएम इंदूर मुलाखतीसाठी निवड करताना दहावी-बारावीचे गुणही धरते. शाळेत गुण कमी असतील तर नुसत्या पर्सेंटाइलवर भिस्त ठेवू नये.

सीमॅट साधारण जानेवारीत होते: तीन तास, १०० प्रश्न, ४०० गुण, पाच विभाग, त्यातला एक ‘नवोपक्रम आणि उद्योजकता’ असा अनेकांना अनोळखी. हिचा उपयोग मध्य प्रदेश तंत्रशिक्षण संचालनालयाच्या समुपदेशनात होतो. तिथे सीमॅटवाल्यांना आधी जागा मिळते, मग उरलेल्या जागा पदवीच्या गुणांवर. ‘परीक्षा न देताच प्रवेश’ ही जाहिरात या दुसऱ्या टप्प्यावर बोलत असते. त्यात बेकायदा काही नाही, फक्त चांगली महाविद्यालये तोवर भरत आलेली असतात.

डीएव्हीव्हीच्या विभागांतल्या दोन वर्षांच्या एमबीएसाठी सीयूईटी-पीजी. मॅनेजमेंटच्या पेपरचा सांकेतांक सीओक्यूपी १२. २०२५ मध्ये ७५ प्रश्न, ९० मिनिटे, बरोबरला ४, चुकीला १ वजा. २०२५ ची परीक्षा मार्चमध्ये सुरू झाली आणि फॉर्म २ जानेवारी ते ८ फेब्रुवारी या काळात भरले गेले. म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ऑगस्ट ते फेब्रुवारी या सहा-सात महिन्यांत तिन्ही फॉर्म भरलेले असले पाहिजेत. अभ्यासाचा मोठा भाग तिन्हींत सारखाच असतो, कॅटची तयारी केलेल्याला बाकी दोन फारशी जड जात नाहीत.

पायरी ३ : कागदपत्रे, आणि नावाचा घोळ

इंदुरातल्या मराठी कुटुंबांत आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या मुलांत सगळ्यात जास्त वेळ जातो तो इथे.

महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापतात: पाटील राहुल सुरेश. आधारवर असते राहुल सुरेश पाटील, कधी नुसते राहुल पाटील. मध्य प्रदेश बोर्डाच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव वेगळ्या ओळीत येते. परीक्षेचा फॉर्म भरताना एक, अपार आयडी (विद्यार्थ्याचा शैक्षणिक ओळख क्रमांक) काढताना दुसरे आणि प्रवेशाच्या वेळी तिसरे नाव पुढे आले की पडताळणी अडते. उपाय एकच: दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव प्रमाण माना आणि फॉर्मच्या निदान महिनाभर आधी आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. शब्दांचा क्रम, ‘राव’, ‘बाई’, ‘कुमार’ असले जोड, आद्याक्षरे, सगळे जुळवा. कुळकर्णी आणि कुलकर्णीचे रोमन स्पेलिंगही. आईचे नाव एका ठिकाणी ‘सुनीता’, दुसऱ्या ठिकाणी ‘सुनिता सुरेश’ असेल तरी काही पोर्टल अडवतात.

बारा अंकी अपार किंवा एबीसी आयडी डिजिलॉकरमधून काही मिनिटांत निघतो, पण तो आधारच्या नावावर निघतो. म्हणून आधार दुरुस्ती आधी, आयडी नंतर. हा क्रम उलटा झाला तर दुरुस्ती दोन ठिकाणी करत बसावे लागते.

आता आरक्षण. घरात पिढ्यानपिढ्या इंदुरात राहणारे आणि मध्य प्रदेशचे मूल निवासी (डोमिसाइल) व जातीचे प्रमाणपत्र असलेले राज्याच्या कोट्यात येतात. जळगावहून किंवा धुळ्याहून आलेल्याचे महाराष्ट्राचे जातप्रमाणपत्र राज्याच्या कोट्यात धरत नाहीत, तो सर्वसाधारण किंवा परराज्यातल्या उमेदवारांत मोजला जातो. आयआयएम केंद्र सरकारची संस्था असल्याने तिथे महाराष्ट्राचे प्रमाणपत्र चालते, मात्र ओबीसी असाल तर तुमची जात केंद्राच्या यादीत हवी आणि प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात हवे. राज्याच्या नमुन्यातले नॉन-क्रीमी लेयर घेऊन मुलाखतीला पोचलेल्यांची तिथे फार पंचाईत होते. ईडब्ल्यूएसचे, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचे, प्रमाणपत्र चालू आर्थिक वर्षाचे लागते, म्हणजे १ एप्रिलनंतर नवे काढायचे. तहसील कार्यालयात याला किती दिवस लागतात हे इंदुरात काय आणि धुळ्यात काय, सगळ्यांना ठाऊक आहे.

फाइलमध्ये याशिवाय हवे:

- टीसी आणि मायग्रेशन प्रमाणपत्र. दुसऱ्या बोर्डातून किंवा विद्यापीठातून येताना मायग्रेशन मूळच लागते, आणि ते आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो.
- शिक्षणात खंड असेल तर त्याचे शपथपत्र, नोटरी केलेले.
- मध्य प्रदेशची शिष्यवृत्ती घ्यायची असेल तर समग्र आयडी (राज्याचा कुटुंब आणि व्यक्तीचा ओळख क्रमांक) आणि उत्पन्नाचा दाखला.
- शेवटच्या वर्षाचा निकाल बाकी असेल तर महाविद्यालयाचे बोनाफाइड, आणि निकाल कोणत्या तारखेपर्यंत दाखवायचा त्याची लेखी नोंद.

मूळ गुणपत्रिका संस्थेकडे ठेवून घेता येत नाहीत. पडताळून परत द्यायच्या असतात. ‘जमा करा, वर्षअखेरीस देऊ’ असे कोणी म्हणाले तर लेखी मागा. मागताच सूर बदलतो.

पायरी ४ : पैसे

पूर्णवेळ अभ्यासक्रमाची किंमत म्हणजे फी अधिक बुडालेला पगार. महिना ३५,००० मिळवणारा माणूस नोकरी सोडून दोन वर्षे शिकला, तर ८ लाख ४० हजार तिथेच गेले, फी वेगळी. बारावीनंतरच्या विद्यार्थ्याला हा हिशोब लागू नाही. म्हणूनच एकच महाविद्यालय एकाला परवडते आणि दुसऱ्याला नाही.

प्लेसमेंटचा आकडा सांगतील तेव्हा सरासरी ऐकून घ्या आणि मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, विचारा. पाच जणांना ४, ४, ५, ५ आणि ३२ लाखांच्या नोकऱ्या लागल्या तर सरासरी १० लाख होते, मध्यक ५ लाख. तुमच्या वाट्याला येण्याची शक्यता पाचच्या आसपासची. दुसरा प्रश्न: किती जण पात्र होते आणि किती जणांना खरोखर ऑफर मिळाली? शंभरातले साठच ‘नोंदणीकृत’ धरून शंभर टक्के सांगण्याची पद्धत जुनी आहे.

शैक्षणिक कर्जात बँकांच्या ठरावीक योजनेप्रमाणे ४ लाखांपर्यंत स्वतःचा वाटा घालावा लागत नाही, त्यापुढे देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारी हमी योजनेखाली तारण नको. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारणाशिवाय कर्ज आहे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत. आपली संस्था त्या यादीत आहे का, हे शाखेत जाण्याआधी पोर्टलवर पाहावे, शाखेतल्या साहेबांना ते माहीत असेलच असे नाही. अंदाजासाठी: ३ लाख, १० टक्के, पाच वर्षे, म्हणजे हप्ता साधारण ६,३७५ रुपये. कर्ज नोकरदाराने स्वतःच्या नावावर घेतले तर जुन्या करपद्धतीत कलम ८०ई खाली व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते. मुद्दलाची नाही, आणि काकांकडून घेतलेल्या उसनवारीवर तर नाहीच.

फी परत मिळण्याबाबत घाबरून जाऊ नये. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी माघार घेतली तर पूर्ण, त्यानंतर पण तारखेच्या आत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, असा यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, २०१८ चा नियम आहे. २०२४-२५ साठी यूजीसीने आणखी सवलत देऊन ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण रक्कम परत करायला सांगितले होते. माघारीचा अर्ज ईमेलने करा, कारण वाद तारखेवरच होतो आणि तोंडी सांगितलेल्याला तारीख नसते.

पायरी ५ : नोकरी करणाऱ्यांसाठी

इथे जास्त थांबायला हवे, कारण इंदुरात सर्वाधिक फसवणूक या गटाची होते. पीथमपूरच्या कारखान्यात शिफ्ट करणारा, सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपनीत बसणारा, बँकेत चिकटलेला, सगळ्यांना बढतीसाठी ‘कसाही’ एमबीए हवा असतो. त्या ‘कसाही’वरच सगळा बाजार चालतो.

आधी फरक लक्षात घ्या. आठ-दहा महिन्यांचा ‘एक्झिक्युटिव्ह प्रोग्राम’, शनिवार-रविवारी ऑनलाइन वर्ग आणि नामवंत संस्थेचे प्रमाणपत्र, यातून शिकायला मिळते, ओळखी होतात, पण ती पदवी नाही. कंपनीच्या बढतीच्या नियमात ‘पदव्युत्तर पदवी’ असे लिहिले असेल तर याचा उपयोग शून्य. तेव्हा पैसे भरण्याआधी एचआरकडून तो नियम काढून वाचा. सार्वजनिक क्षेत्रात तर ‘मान्यताप्राप्त विद्यापीठाची दोन वर्षांची पदवी’ असे शब्द असतात आणि तिथे एकेक शब्द मोजला जातो.

आयआयएम इंदूरचा ईपीजीपी हा कार्यकारी अभ्यासक्रम एका वर्षाचा, पूर्णवेळ आणि निवासी. निदान पाच वर्षांचा अनुभव हवा, तोही पदवीनंतरचा पूर्णवेळ. इंटर्नशिप धरत नाहीत. अनुभवाच्या पत्रावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख स्पष्ट हवी. ‘सुमारे दोन वर्षे आमच्याकडे होते’ असले पत्र फेटाळले जाते. या वाटेने जायचे तर नोकरी सोडावी लागते, हे घरी आधी बोलून घ्या. डेटाकडे कल असलेल्यांसाठी आयआयटी इंदूर आणि आयआयएम इंदूर मिळून दोन वर्षांची डेटा सायन्स आणि मॅनेजमेंटची एम.एस्सी. चालवतात. ती नोकरीसोबत करता येते, मात्र गणित पक्के हवे.

संध्याकाळच्या किंवा शनिवार-रविवारच्या वर्गांना प्रवेश घेण्याआधी अंतर मोजा. पीथमपूरहून साडेपाचला सुटून राऊमार्गे खंडवा रोडला सातच्या आत रोज पोचणे पावसाळ्यात जमत नाही. महिनाभरात हजेरी घसरते आणि ७५ टक्क्यांची अट असेल तर परीक्षेचा फॉर्मच अडकतो. कागदावर सोयीचा वाटणारा वर्ग असा हातचा जातो. घर रामबाग-राजवाड्याकडे आणि नोकरी विजय नगरला असेल तर मात्र हाच पर्याय ऑनलाइनपेक्षा चांगला, कारण समोरासमोरच्या वर्गात अभ्यास निदान होतो तरी.

दूरस्थ आणि ऑनलाइन हे दोन वेगळे प्रकार आहेत. राज्य विद्यापीठाचा दूरस्थ अभ्यासक्रम त्या राज्याच्या हद्दीतच चालवता येतो. म्हणून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे ‘केंद्र’ इंदुरात आहे असे कोणी सांगितले तर तिथे पैसे भरू नका, ते विद्यापीठ महाराष्ट्रासाठी आहे. मध्य प्रदेशासाठी भोपाळचे भोज मुक्त विद्यापीठ. इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, देशभर चालते. ऑनलाइन अभ्यासक्रमाला हद्दीचे बंधन नाही, पण विद्यापीठाला त्याच अभ्यासक्रमाची परवानगी हवी.

तपासणी अशी करा:

१. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर ज्या सत्रात प्रवेश घेताय त्या सत्राची यादी उघडा, जानेवारीची वेगळी, जुलैची वेगळी. विद्यापीठाचे नाव असून भागत नाही, ‘एमबीए’ हा अभ्यासक्रमही त्यात हवा.

२. एबीसी आयडी वापरून त्याच पोर्टलवर स्वतःचा डीईबी आयडी काढा. २०२४-२५ च्या सत्रापासून तो नसेल तर दूरस्थ-ऑनलाइन प्रवेश धरलाच जात नाही. ‘तो आम्ही नंतर काढून देऊ’ म्हणणाऱ्या एजंटाला तुमचा ओटीपी देऊ नका.

३. फी थेट विद्यापीठाच्या खात्यात भरा. पावतीवर शिकवणी कंपनीचे नाव असेल तर थांबा. पदवीचा अभ्यासक्रम दुसऱ्या संस्थेमार्फत फ्रँचायझीने चालवायला यूजीसीची मनाई आहे.

‘एका वर्षात, मागच्या तारखेने’ पदवी देतो म्हणणाऱ्याशी बोलण्यातही वेळ घालवू नका. कंपन्या हल्ली पार्श्वभूमी तपासतात, आणि तेव्हा हातची नोकरीही जाते.

नोकरी करत दुसरी पदवी घेत असाल तर १३ एप्रिल २०२२ च्या यूजीसी नियमावलीने एकाच वेळी दोन पदव्या चालतात: एक वर्गातली आणि एक ऑनलाइन, दोन्ही ऑनलाइन, किंवा वेळा एकमेकांवर येत नसतील तर दोन्ही वर्गातल्या. मान्यताप्राप्त दूरस्थ-ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, हेही यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

इग्नूच्या एमबीएला २०२१ पासून प्रवेश परीक्षा नाही. पदवीला ५० टक्के (राखीव गटांना ४५) पुरतात. त्यामुळे प्रवेश सोपा झाला आणि अर्धवट सोडणारेही वाढले, असे आमचे निरीक्षण आहे. हिशोब करून पाहा: ११६ श्रेयांक (क्रेडिट), एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे ३,४८० तास. दोन वर्षांत संपवायचे तर आठवड्याला ३३ तास. नोकरी करणाऱ्याला हे जमत नाही. कमाल मुदत चार वर्षे आहे, ती वापरली तर आठवड्याला १७ तास होतात. रोज पहाटे दीड तास आणि रविवारी सहा-साडेसहा तास, हे जमू शकते. म्हणून सुरुवातीलाच साडेतीन वर्षांची योजना करा आणि एका सत्रात झेपतील तेवढेच पेपर द्या. चारपेक्षा जास्त घेणारे सहसा निम्म्यात राहतात.

गुणांत सत्रांत परीक्षेचा वाटा ७० टक्के, असाइनमेंटचा ३०. असाइनमेंट वेळेवर गेली नाही तर पेपर चांगला जाऊनही निकाल ‘अपूर्ण’ दाखवतो. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात, म्हणून असाइनमेंट मार्च आणि सप्टेंबर सुरू होताच लिहायला घ्या. बाजारात मिळणारी तयार उत्तरे उतरवू नका. एकाच केंद्रावर दहा जणांनी तीच चूक सलग लिहिलेली असते आणि तपासणाऱ्याला ती पाठ झालेली असते. स्कॅन करताना पाने क्रमाने, सरळ आणि एकाच पीडीएफमध्ये. पोच मिळाल्याचा स्क्रीनशॉट निकाल लागेपर्यंत जपा.

पायरी ६ : वर्ग सुरू होण्याआधीचा महिना

कॉमर्स नसलेल्यांचा पहिला अडथळा लेखाशास्त्र. जर्नल, खतावणी, तेरीज (ट्रायल बॅलन्स) आणि ताळेबंद, एवढे चार आठवड्यांत हाताने वहीवर सोडवून घ्या. व्हिडिओ पाहून नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) कळल्यासारखे वाटते, दहावी नोंद करताना कळले नव्हते हे कळते. पहिल्या आठवड्यात वीस व्यवहारांच्या जर्नल नोंदी, दुसऱ्यात त्यांची खाती, तिसऱ्यात तेरीज जुळवणे, चौथ्यात घसारा आणि येणे-देणे धरून ताळेबंद. तेरीज जुळली नाही तर फरकाला ९ ने भागून पाहा. पूर्ण भाग गेला तर बहुधा कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली आहे, ५४ चे ४५. फरक निम्मा करून ती रक्कम वहीत सापडली तर नोंद उलट्या बाजूला पडली आहे.

कॉमर्सवाल्यांचा अडथळा संख्याशास्त्र. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध आणि संभाव्यतेची साधी उदाहरणे पक्की असली की पहिले सत्र निघते. एक्सेलमध्ये पिव्होट टेबल आणि व्हीलुकअप सगळ्यांनाच हवे.

प्रकल्प

शेवटच्या टप्प्यातला प्रकल्प नोकरदार हमखास पुढे ढकलतात. इग्नूत आधी प्रस्ताव मंजूर करून घ्यावा लागतो आणि त्यासोबत मार्गदर्शकाचा सहीनिशी बायोडेटा जोडावा लागतो. मार्गदर्शक पात्रतेत बसत नसेल तर प्रस्ताव परत येतो आणि सहा महिने जातात. आधी मार्गदर्शक पक्का करा, मग विषय. विषय आपल्याच कंपनीतला घ्या, पण ‘कर्मचाऱ्यांचे समाधान’ असला हजारदा झालेला नको. आपल्या गोदामात कच्चा माल सरासरी किती दिवस पडून राहतो आणि त्यात किती पैसा अडकतो, असा मोजता येणारा घ्या. आकडे वापरण्याची परवानगी कंपनीच्या पत्रावर, अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्यानिशी, सुरुवातीलाच घेऊन ठेवा. साहेब बदलले की तोंडी परवानगी राहत नाही आणि गोळा केलेली माहिती वापरताही येत नाही.